उसने विरजण

दही संपले आणि विरजणापुरतेही उरले नाही, म्हणजे घरातील गृहिणी वाटी घेऊन शेजारच्या दारी जाते, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. शेजारीण चमचाभर दही वाटीत घालते. तिचे त्यात काही कमी होत नाही. रात्री कोमट दुधाला ते विरजण लावले जाते आणि सकाळी जे दही लागते ते आपल्या दुधाचे, आपल्या भांड्याचे, आपल्या घरच्या चवीचे असते. साखर किंवा तांदूळ उसने आणले तर ते मोजून परत करायचे असतात. विरजणाची परतफेड अशी मोजता येत नाही. ते कोणाकडून आणले हे विसरायचे नाही, आणि कधी त्याच शेजारणीच्या घरचे दही संपले तर तिची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, एवढेच त्याचे व्याज.

गाण्यांच्या जगातही असे विरजण नित्य मागितले जाते आणि दिलेही जाते. एकाने रचलेले व गायलेले गाणे दुसऱ्याने आपल्या पद्धतीने सादर करावे, याला पाश्चात्त्य संगीतात 'कव्हर' म्हणतात. आपल्याला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासूनच्या संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडली, तर पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले आढळतात. पद नवे आहे, पण त्याची चाल अमुक लावणीची किंवा अमुक कानडी पदाची आहे, हे वाचकाला तिथेच कळते. त्या दोन-चार शब्दांच्या ओळीत एक मोठा संस्कार दडलेला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आज मात्र मी जे सांगणार आहे ते नाट्यपदाविषयी नाही आणि भक्तिगीताविषयीही नाही. मेटॅलिका हा अमेरिकेतील जगप्रसिद्ध वाद्यवृंद आणि त्याने चाळीस वर्षांहून अधिक काळ जवळ बाळगलेले एक परके गाणे, यांची ही हकिकत आहे. धर्मगुरूने हेवी मेटलसारख्या कर्णकर्कश मानल्या गेलेल्या संगीताविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ऋण आणि कृतज्ञता यांच्या कहाण्या कोणत्या गल्लीत भेटतील याचा नेम नसतो.

सेमिनरीत असताना, १९९० च्या आसपास, आमच्या एका सहाध्यायाजवळ मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बमची कॅसेट होती. ती दुकानातून विकत घेतलेली नव्हती. कोणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतलेली होती. आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने गाण्यांची नावे लिहिली होती. ती कोणी रचली याचा उल्लेख नव्हता. शेवटाकडे एक गाणे होते: 'ॲम आय ईव्हिल?', म्हणजे 'मी दुष्ट आहे काय?' ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाने खिळवून ठेवावे, हे स्वाभाविकच होते. रात्रीच्या भोजनानंतरच्या मोकळ्या वेळात, आवाज अगदी लहान ठेवून आम्ही ते ऐकत असू. मेटॅलिकाचा तो अल्बम, 'किल 'एम ऑल', १९८३ सालचा. १९८८ साली तो पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा हे गाणे त्याच्या शेवटी जोडण्यात आले आणि पुढील आवृत्त्यांतून ते पुन्हा वगळण्यात आले. आमच्या हाती आली होती ती नेमकी मधल्या काळातील प्रत.

अनेक वर्षांनी आमच्या गायनवृंदात गिटार वाजवणाऱ्या एका तरुणाने मला त्या गाण्याचे गोत्र सांगितले. "फादर, हे गाणं मुळात त्यांचं नाहीच. हे डायमंड हेडचं," असे म्हणून त्याने आपल्या मोबाईलवर मूळ गाणे लावून दिले. सूर तेच, पण घर निराळे. मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफील्ड जिथे शब्द दातांत धरून फेकतो, तिथे मूळ गायकाचा आवाज उंच आणि ताणलेला होता. वाद्ये तितकी जड नव्हती, ध्वनिमुद्रणही साधे होते. पण गाण्याचा सांगाडा, त्याचा तोल आणि त्याची दहशत सगळी तिथेच होती. त्या दिवसापासून मी या गाण्याच्या मागे लागलो.

डायमंड हेड हा वाद्यवृंद १९७६ साली इंग्लंडमधील स्टोअरब्रिज या गावी स्थापन झाला. बर्मिंगहॅमजवळचे हे गाव काचकामासाठी प्रसिद्ध आहे. आजूबाजूचा प्रदेश कोळशाच्या आणि लोखंडाच्या उद्योगांचा. गिटारवादक ब्रायन टॅटलर आणि ड्रमवादक डंकन स्कॉट हे शाळकरी मित्र; पुढे गायक शॉन हॅरिस आणि कॉलिन किम्बर्ली त्यांना येऊन मिळाले. तेव्हा सगळे विशीच्याही आतले होते. 'ॲम आय ईव्हिल?' हे गाणे हॅरिस आणि टॅटलर या दोघांचे.

गाण्याचा कथाभाग भयंकर आहे. चेटकीण ठरवून जिच्या आईला जाळले, असा मुलगा ते गातो. तो सूड घेण्यास निघतो, एकेकाला गाठण्याचे मनसुबे रचतो आणि मध्येच स्वतःला तो प्रश्न विचारतो. उत्तरही तोच देऊन मोकळा होतो. कोणी याला पापाचे उदात्तीकरण म्हणेल. मला मात्र त्यात अन्यायाने होरपळलेल्या माणसाचा आक्रोश ऐकू येतो. युरोपमध्ये चेटकीण म्हणून स्त्रियांना जाळण्याचा इतिहास खरा आहे, आणि त्यात धर्माच्या नावाने चाललेल्या न्यायासनांचा हात होता हेही खरे आहे. त्यामुळे या गाण्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार निदान आम्हा धर्मगुरूंना तरी नाही.

या गाण्याचे स्वतःचे विरजण कुठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. आरंभी ड्रम आणि गिटार एकाच लयीत ठोके देत सैन्यासारखे चालून येतात. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९१४ ते १९१६ या काळात 'द प्लॅनेट्स' ही ग्रहमाला रचली. तिच्यातील पहिला खंड मंगळाचा, युद्धदेवतेचा. गाण्याच्या त्या आरंभाला याच खंडाची प्रेरणा आहे. पुढे जी जड, संथ सुरावट येते, तिच्यामागे ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाचे 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' हे १९७५ सालचे गाणे होते. त्याहूनही वजनदार काही रचावे, ही टॅटलर यांची ईर्षा होती. आणि ब्लॅक सॅबथच्या आपल्याच नावाच्या पहिल्या गाण्यावरही होल्स्टच्या मंगळाची छाया आहे. त्यातील भय उभे राहते ते ज्या स्वरांतरावर, ते आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर. चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती अशी दंतकथा आवडीने सांगितली जाते. तिला इतिहासाचा आधार नाही. जुन्या काळी संगीत शिकवताना ते टाळावे असे सांगत, एवढेच. सांगायचे हे की, डायमंड हेडच्या पोरांनी हे गाणे शून्यातून निर्माण केले नव्हते. त्यांनीही शेजारी वाटी नेली होती. दूध मात्र त्यांचे स्वतःचे होते.

१९८० साली त्यांनी आपला पहिला अल्बम सुमारे आठवडाभरात ध्वनिमुद्रित केला. मोठ्या कंपन्यांकडून बोलावणे येत नव्हते. गायकाची आई लिंडा हॅरिस वाद्यवृंदाच्या व्यवस्थापनात होती. शेवटी स्वतःच एक हजार प्रती काढून त्या टपालाने विकायचे ठरले. वेष्टन पांढरे कोरे. त्यावर ना नाव, ना चित्र, ना गाण्यांची यादी. प्रत्येक प्रतीवर एका वादकाची सही, एवढीच ओळख. पुढे हा अल्बम 'लाइटनिंग टू द नेशन्स' या नावाने ओळखला गेला.

त्या हजारांतील एक प्रत समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. लार्स उलरिक हा मुळात डेन्मार्कचा, टेनिसपटू टॉर्बेन उलरिक यांचा मुलगा. १९८० साली हे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. मुलाने टेनिसपटू व्हावे अशी अपेक्षा, आणि मुलाला वेड ब्रिटिश मेटलचे. 'साउंड्स' या साप्ताहिकातील जाहिरात पाहून त्याने ती पांढरी तबकडी मागवली आणि १९८१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, डायमंड हेडला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी तो एकटा इंग्लंडला पोहोचला. लंडनच्या वुलिच भागातील कार्यक्रम संपल्यावर तो पडद्यामागे जाऊन त्यांना भेटला. राहायची सोय कुठे आहे असे विचारले, तर ती कुठेच नव्हती. तेव्हा टॅटलर त्याला आपल्या आईवडिलांच्या घरी घेऊन गेले. काही दिवस तो त्यांच्या खोलीत जमिनीवर झोपला; पुढे शॉन हॅरिस यांच्या घरी राहिला. तालमी ऐकल्या, गाणी कशी बसवतात ते पाहिले. अनोळखी परदेशी पोराला घरात घेणाऱ्या त्या माउल्यांना आपण संगीताच्या इतिहासात भर घालत आहोत, याची कल्पना कुठून असणार? त्यांनी फक्त पाहुण्याला जेवू घातले.

तो मुलगा कॅलिफोर्नियाला परतला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याने हेटफील्डसह मेटॅलिकाची स्थापना केली. १४ मार्च १९८२ रोजी ॲनाहाइम येथे मेटॅलिकाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्यात नऊ गाणी सादर झाली. त्यांपैकी स्वतःची फक्त दोन. बाकी सात उसनी, आणि त्या सातांतील चार एकट्या डायमंड हेडची. 'ॲम आय ईव्हिल?' हे त्यांतलेच एक.

इथे या कहाणीतील नाजूक जागा येते. ही गाणी कोणाची, हे रंगमंचावरून सांगितले जात नसे. ही दुसऱ्याची गाणी आहेत असे आम्ही सांगितले नाही आणि लोकांनी ती आमचीच समजली, असे उलरिक यांनीच पुढे हसत हसत मोकळेपणाने सांगितले आहे. कॅलिफोर्नियातील श्रोत्यांना स्टोअरब्रिज ठाऊक नव्हते. हजार प्रतींचा अल्बम त्यांच्या हाती पडण्याचा संभव नव्हता. न बोलता चालून जाण्यासारखे होते.

न बोलणे हे खोटे बोलणे आहे काय? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला या प्रश्नावर आम्ही बराच खल केला होता. नियम सांगणे सोपे आहे. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या, खिशात पैसा नसलेल्या, पहिल्यांदाच लोकांसमोर उभ्या राहिलेल्या मुलांच्या गप्प राहण्याचे वजन किती धरायचे, हे ठरवणे तितके सोपे नाही. माणसाची पारख अशा वेळी करू नये. तो गप्प राहिला ते त्याच्याजवळ काही नव्हते तेव्हा. हाती सर्व काही आल्यावर तो काय बोलतो, ते पाहावे.

आणि मेटॅलिका बोलली. १९८४ च्या अखेरीस त्यांनी 'क्रीपिंग डेथ' या आपल्या गाण्याच्या मागच्या बाजूला 'ॲम आय ईव्हिल?' ध्वनिमुद्रित केले आणि रचनाकार म्हणून हॅरिस व टॅटलर यांची नावे छापली. पुढील वर्षांत 'हेल्पलेस', 'द प्रिन्स', 'इट्स इलेक्ट्रिक' ही डायमंड हेडची आणखी तीन गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली. १९९८ साली 'गॅरेज इन्क.' हा दुहेरी अल्बम निघाला. त्यात ही चारही गाणी एकत्र आली. हा संपूर्ण अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे. १९९१ च्या ज्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेतच दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या, त्याच्या कर्त्यांनी कीर्तीच्या शिखरावरून मागे वळून आपण कोणाकोणाच्या दारी वाटी घेऊन गेलो होतो, याची जाहीर यादीच सादर केली, असे मला त्याविषयी वाटते.

तोवर डायमंड हेडचे काय झाले होते? १९८२ साली एका मोठ्या कंपनीतर्फे त्यांचा 'बॉरोड टाइम' निघाला. तो ब्रिटनच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. 'उसना काळ' हे त्याचे नाव दुर्दैवाने खरे ठरले. पुढच्या वर्षी त्यांनी वाट बदलून वेगळ्या धाटणीचा 'कँटरबरी' काढला. त्याच्या पहिल्या हजारो तबकड्यांत दोष होता. सुई मध्येच उडी मारत असे. ज्यांना जुने हवे होते ते दुरावले, नवे श्रोते मिळाले नाहीत. कंपनीने संबंध तोडले आणि १९८५ मध्ये वाद्यवृंद विखुरला. ज्या काळात मेटॅलिका पायऱ्या चढत होती, त्याच काळात तिच्या गुरुघरचा दिवा विझत होता.

याच ठिकाणी छापलेल्या नावाचे मोल कळते. गाण्याच्या प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे रचनाकाराला ठरावीक मानधन मिळते. मेटॅलिकाच्या प्रती लाखोंनी खपू लागल्या, आणि त्यांतील एक वाटा स्टोअरब्रिजकडे वाहू लागला. या मानधनावर आपला चरितार्थ चालला, असे टॅटलर यांनी वेळोवेळी कृतज्ञतेने सांगितले आहे. २००९ साली त्यांनी आपले आत्मकथन प्रसिद्ध केले, त्याला नावही याच गाण्याचे दिले. शिष्य जगज्जेता झाला आणि आपण मागे राहिलो, याची जळजळ त्यांच्या बोलण्यात मला कुठे आढळली नाही. स्वतःच्या हातची गोष्ट दुसऱ्याच्या हातात मोठी होताना पाहणे ही सोपी तपश्चर्या नव्हे. गावोगावच्या शिक्षकांना ती ठाऊक असते, आईबापांनाही.

१९९२ साली बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात मेटॅलिकाने टॅटलर आणि हॅरिस यांना रंगमंचावर बोलावून त्यांच्याबरोबर हे गाणे सादर केले. दशकापूर्वी ॲनाहाइमच्या रंगमंचावर जे सांगितले गेले नव्हते, ते आता त्या दोघांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, हजारोंच्या साक्षीने सांगितले गेले. पुढच्या वर्षी, जून १९९३ मध्ये, मिल्टन कीन्स येथील मेटॅलिकाच्या भव्य मैफलीत डायमंड हेडला आरंभीचे स्थान मिळाले. त्याच वर्षी त्यांचा नवा अल्बम आला; त्यात एका गाण्यात ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी यांनी वाजवले. ज्यांच्याकडून विरजण आणले होते, ते शेजारी स्वतः घरी येऊन गेले, असाच हा प्रसंग.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र समजू नये. मिल्टन कीन्सनंतर लवकरच डायमंड हेड पुन्हा विखुरले. ज्यांच्या गाण्यांवर एक जगप्रसिद्ध वाद्यवृंद उभा राहिला, त्यांना एवढा मोठा मंच मिळूनही यश आले नाही. कृतज्ञतेलाही मर्यादा असतात, हे इथे नम्रपणे मान्य करावे लागते. नाव सांगता येते, वाटा देता येतो, हात धरून मंचावर आणता येते. आपले नशीब कोणी कोणाला देऊ शकत नाही. पण म्हणून जे देता येते ते देण्याचे महत्त्व उणावत नाही.

या गाण्याने आणखी एक काम केले, ते मला विशेष वाटते. ॲनाहाइमच्या त्या पहिल्या कार्यक्रमात गिटार वाजवणारा डेव्ह मस्टेन याला मद्यपान आणि भांडणे यांमुळे एप्रिल १९८३ मध्ये मेटॅलिकातून काढून टाकण्यात आले. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियापर्यंतच्या लांबलचक बसप्रवासाला त्याला एकट्याला धाडून दिले होते. त्याने मेगाडेथ हा स्वतःचा वाद्यवृंद काढला, मोठे नाव मिळवले, परंतु ती जखम तो वर्षानुवर्षे बोलून दाखवत राहिला. २२ जून २०१० रोजी बल्गेरियाची राजधानी सोफिया येथील मैदानात मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर आणि ॲन्थ्रॅक्स हे चार वाद्यवृंद एका दिवशी वाजले. अखेरीस या वाद्यवृंदांतील वादक एकाच रंगमंचावर जमले आणि मस्टेन व हेटफील्ड यांनी एकमेकांना मिठी मारली. सत्तावीस वर्षांनी ते दोघे मंचावर एकत्र वाजवू लागले. गाणे कोणते? 'ॲम आय ईव्हिल?'

मेटॅलिकाचे एखादे गाणे निवडले असते तर ते यजमानांचे ठरले असते, मेगाडेथचे निवडले असते तर पाहुण्यांचे. हे गाणे कोणाचेच नव्हते आणि सर्वांचे होते. भांडलेल्या भावांना बोलते व्हायचे असेल तर पुष्कळदा तिसऱ्याचा ओटा लागतो. स्टोअरब्रिजच्या पोरांनी रचलेल्या या सूडाच्या गाण्याने तो ओटा उपलब्ध करून दिला.

हे सारे मनात घोळत असताना आमच्या धर्मग्रामाच्या गीतपुस्तिकेची नवी आवृत्ती काढण्याचे काम निघाले. जुन्या एका संकलनावरून बरीच गीते घ्यायची होती. त्यांतील एका अत्यंत लोकप्रिय गीताखाली 'पारंपरिक' असे छापले होते. गायनवृंदातील एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "पारंपरिक कसलं, फादर? ही चाल पलीकडच्या गावच्या मास्तरांनी लावलेली आहे. ते हयात आहेत." मी त्या गिटारवाल्या तरुणाला बरोबर घेऊन एका संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या घरात, दृष्टी अधू, पण बोटे अजून पेटीवर नीट पडतात. पडवीत बसून त्यांनी ते गीत आम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवले.

"मास्तर, तुमचं नाव कुठेच नाही, याचं वाईट नाही वाटलं?" मी विचारले.

"नाव नाही म्हणून लोकांनी गाणं सोडलं नाही ना, फादर? मग वाईट कशाला वाटायचं?" ते म्हणाले. थोडा वेळ भाता नुसताच हलवत राहिले. "पण कुणी एकदा येऊन विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

नव्या पुस्तिकेत आपले नाव घालतो, असे सांगून आम्ही उठलो, तेव्हा त्यांनी हात धरून मला पुन्हा बसवले. "एक राहिलं. धृपदाची चाल माझी. अंतऱ्याची नाही. लहानपणी आमच्या गावी एक कीर्तनकार येत, त्यांच्या एका पदाची ती. त्यांचं नाव मला आठवत नाही. पण ती माझी नाही, एवढं लिहा."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. तो तरुण एवढेच म्हणाला, "फादर, म्हणजे यांचंही होल्स्ट निघालंच की." पुस्तिकेत आता त्या गीताखाली दोन ओळी आहेत. पहिलीत मास्तरांचे नाव आहे, दुसरीत 'अंतऱ्याची चाल एका कीर्तनकारांच्या पदावरून' असे लिहिले आहे. छपाईच्या खर्चात त्याने काही फरक पडला नाही.

मास्तरांच्या त्या शेवटच्या वाक्याने मेटॅलिकाची कहाणी मला अधिक उलगडली. जो आपले ऋण सांगतो त्याचे काही कमी होत नाही. उलट त्याचे स्वतःचे किती, हे तेव्हाच नेमके कळते. मास्तरांनी अंतरा परत केला आणि धृपद निर्विवादपणे त्यांचे झाले. मेटॅलिकाने नऊपैकी सात गाणी दुसऱ्यांची होती हे सांगितले, म्हणूनच उरलेल्या दोन गाण्यांतील नवेपण जाणकारांना दिसू लागले.

ही उसनवारी मेटॅलिकाने थांबवलेली नाही. डिसेंबर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तिने आपली तिशी साजरी केली, तेव्हा टॅटलर आणि हॅरिस पाहुणे म्हणून मंचावर होते. जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सॅबथचा आणि गायक ऑझी ऑस्बोर्न यांचा अखेरचा कार्यक्रम बर्मिंगहॅमला झाला. तिथे मेटॅलिकाने सॅबथची दोन गाणी सादर केली. त्यांपैकी 'होल इन द स्काय' हे १९७५ च्या त्याच अल्बममधले आहे, ज्यातील दुसऱ्या एका गाण्याने टॅटलर यांना ईर्षेला पेटवले होते. ऑस्बोर्न त्यानंतर महिनाभरही जगले नाहीत. सांगायचे ते वेळेवर सांगून झाले होते.

टॅटलर यांनीही वाद्य खाली ठेवले नाही. डायमंड हेड पुन्हा उभे राहिले, आणि २०१४ पासून त्यांचा गायक आहे रॅस्मुस बोम अँडरसन, तोही डेन्मार्कचाच. पांढऱ्या वेष्टनातील त्या अल्बमला चाळीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०२० साली, त्यांनी तो संपूर्ण अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केला. 'ॲम आय ईव्हिल?' त्यात आहेच. शिवाय आपल्याला प्रिय असलेली दुसऱ्यांची चार गाणीही त्यांनी शेवटी जोडली. त्यांपैकी तीन त्यांच्या वडीलधाऱ्यांची आहेत: लेड झेपेलिन, डीप पर्पल आणि जुडास प्रीस्ट यांची. चौथे आहे 'नो रिमोर्स', मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बममधले.

ज्या खोलीत एक पोरगा जमिनीवर झोपला होता, त्या खोलीच्या मालकाने चाळीस वर्षांनी त्याच पोराच्या दारी वाटी नेली. मी ते गाणे त्या तरुणाबरोबर ऐकले. त्याने विचारले, "कसं वाटलं, फादर?" मी म्हणालो, दही चांगले लागले आहे. त्याला ते नीटसे कळले नाही. मग मला विरजणाची सगळी गोष्ट सांगावी लागली.